विथ पेपर, विदाउट पेपर

हाचिको नावाच्या कुत्र्याला जाऊन नव्वद वर्षं होऊन गेली, तरी तो अजून लोकांच्या घरात भांडणं लावतो. आमच्या घरात लावलं ते दिवाळीच्या सुट्टीत. मुलीने त्याच्यावरचा रिचर्ड गिअरचा २००९ सालचा सिनेमा पाहिला, ओढणीचं टोक भिजवलं आणि जाहीर केलं की आपल्याला अकिता पाहिजे.

अकिता ही हाचिकोची जात, उत्तर जपानातल्या त्याच नावाच्या बर्फाळ प्रांतातली. पूर्वी तिला अस्वलाच्या शिकारीला नेत. पुढे ती दुर्मिळ झाली आणि १९३१ साली जपान सरकारने तिला ‘नैसर्गिक स्मारक’ म्हणून जाहीर केलं. जिवंतपणी स्मारक होण्याचा मान आमच्याकडे फक्त अर्धवट राहिलेल्या पुलांना मिळतो, त्यामुळे माझ्याही मनात या कुत्र्याबद्दल आदर उत्पन्न झाला.

हाचिकोचा जन्म १९२३चा, ओदाते गावाजवळचा. टोकियोतल्या प्राध्यापक उएनोंनी त्याला पाळलं. १९२५च्या मे महिन्यात ते कामावर असतानाच वारले आणि हाचिको १९३५च्या मार्चपर्यंत शिबुया स्टेशनावर त्यांची वाट पाहत राहिला. १९३४ साली त्याचा पुतळा उभारला, तेव्हा समारंभाला तो स्वतः हजर होता. मुलीने हे सगळं डोळे पुसत सांगितलं. पण स्टेशनावर दहा वर्षं थांबल्याचं कौतुक यवतमाळच्या माणसाला सांगून काही उपयोग नाही. आमची शकुंतला रेल्वे धावायची तेव्हाही ती कधी येईल हे तिचं तिलाच ठाऊक नसे, आता तर तीही बंद. वर्धा-यवतमाळ-नांदेड गाडीचं आम्ही २००९पासून ऐकतोय. २०२४च्या फेब्रुवारीत ती वर्ध्याहून कळंबपर्यंत पोचली. आमच्या स्टेशनावर हाचिको बसला असता तर त्याच्या नातवाने पाळी घेतली असती.

असो. कुत्रं शोधायला लागलो. या धंद्यात पहिला प्रश्न जात, रंग, वय यांचा नसतो. पहिला प्रश्न असतो, ‘विथ पेपर की विदाउट पेपर?’ पेपर म्हणजे केनेल क्लब ऑफ इंडियाचा नोंदणीचा दाखला. त्यात पिल्लाच्या आईबापांची, आजाआजीची नावं असतात आणि पिल्लाच्या कातडीखालच्या मायक्रोचिपचा नंबर असतो. मुलीच्या जात पडताळणीसाठी पणजोबांचं नाव शोधत मी कोतवाल बुकाच्या नकलेपायी तहसिलीचे उंबरे झिजवले होते, त्यामुळे कुत्र्याची वंशावळ अशी तयार मिळते म्हटल्यावर मला गहिवरून आलं. पण फोनवरच्या दलालाच्या मते पेपर ही हौस होती. ‘पिल्लू तेच आहे साहेब. पेपर लावले तर पंधरा हजार जास्त.’

म्हणजे एकच पिल्लू एका भावात कुलीन आणि दुसऱ्या भावात अनाथ.

त्याने फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, ‘पिल्लाचे वडील. इम्पोर्टेड. डबल कोट, हेवी बोन.’ वडील रुबाबदार होते यात शंका नाही. फक्त फोटोच्या कडेला एका माणसाचा ओव्हरकोट अर्धा कापलेला दिसत होता, आणि मुलीने तो कोट लगेच ओळखला. रिचर्ड गिअरचा होता.

इथे घाटंजीकडच्या आमच्या काकांचा प्रवेश झाला. काकांचा जन्म कापसात गेला. कुत्र्यांतलं त्यांना काही कळत नाही, पण फसवणुकीतलं सगळं कळतं. दरवर्षी जूनमध्ये ४७५ ग्रॅमच्या पाकिटात कोणती सरकी निघेल याचा घोर ज्याने आयुष्यभर सोसला, त्याला कोणताही दलाल नवा नसतो. बिलाशिवाय, रात्रीच्या अंधारात, ‘आपल्या माणसाकडून’ येणारी चोरबीटी, म्हणजे परवानगी नसलेलं कापसाचं बियाणं, त्यांनी पाहिली आहे. काकांनी फोन हातात घेतला.

‘का भौ, हे पिल्लू किती दिवसाचं हाय?’

‘तीस दिवसांचं, काका. आजच बसने पाठवून देतो. घरी आलं की वाढेल.’

‘अन् त्याची माय कुठं हाय?’

माय कुठे होती ते त्याला माहीत नव्हतं. बाप इम्पोर्टेड होता आणि माय बेपत्ता होती. काकांनी फोन ठेवला. ‘पक्कं बिल नाई, टॅग नाई, लॉट नंबर नाई. हे चोरबीटी हाय बाप्पा.’

त्यानंतर मी नियम काढून वाचले. २०१७च्या केंद्राच्या नियमांनुसार पैदास करणाऱ्याने राज्याच्या पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी करायची असते. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, आणि अठरा महिने पूर्ण होण्याआधी मादीची वीण घेता येत नाही. शिवाय २०१६ सालीच केंद्राने विक्रीच्या पैदाशीसाठी परदेशी कुत्री आणायला बंदी घातली, म्हणजे दलालाचं ते ‘इम्पोर्टेड’सुद्धा संशयास्पद. त्यात आणखी एक कागद सापडला. १२ मार्च २०२४ रोजी केंद्राच्या पशुसंवर्धन खात्याने राज्यांना पत्र लिहून तेवीस ‘क्रूर’ जातींना परवाने देऊ नका असं कळवलं होतं. यादीत अकिताचंही नाव होतं. एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केलं. याबद्दल एका दुसऱ्या दलालाला विचारलं, तर तो निर्धास्त होता. ‘काळजी करू नका साहेब, कागदावर लॅब्रा लिहून देतो.’

आईला हा कागदांचा घोळ मुळातच पटला नव्हता. ‘माहूरला दत्ताच्या पायाशी चार कुत्री आहेत. त्यांचे पेपर कोणी पाहिले?’ मी म्हटलं, ‘आई, ते चार वेद आहेत.’ त्यावर ती म्हणाली, ‘मग त्याहून मोठे पेपर कोणते?’ या युक्तिवादाला माझ्याकडे आजही उत्तर नाही.

मुलीने शेवटचा बाण काढला. हाचिको स्वतः आगगाडीने सामानासारखाच टोकियोला आला होता, मग आपल्या पिल्लाला बस का नको? काकांनी चौकशी केली की ते उएनो करत काय होते. शेतकी विषयाचे प्राध्यापक, असं कळल्यावर काकांचा सूर एकदम बदलला. ‘शेतकीचा मास्तर होता नं? मंग त्यानं ओळखीच्या मानसाकडूनच मागवलं असन. पाठवणारा कोन हाय ते त्याले ठाऊक होतं. आपल्याले ठाऊक हाय काय?’

शेवटी ओळखीच्या पशुवैद्यांकडून एक नंबर मिळाला. दूर, थंड हवेच्या गावातला माणूस. नोंदणी आहे, पेपर आहेत, दोन वर्षांत एखादी वीण घेतो. मी प्रश्नांची यादी घेऊन बसलो होतो, पण मला तोंड उघडता आलं नाही. तोच विचारत सुटला. घरी दिवसभर कोण असतं? घरात दुसरं कुत्रं आहे का? अकिता परक्या कुत्र्याशी जुळवून घेत नाही. वर्षातून दोनदा याची आतली लव गळते, ती विंचरणार कोण? पूर्ण वाढलेला नर पस्तीस-चाळीस किलोचा होतो, त्याला आवरणार कोण? (‘म्हंजे अर्ध्या क्विंटलाच्या जरा आत,’ काकांनी मागून हिशोब केला.) आणि तुम्ही राहता कुठे?

‘यवतमाळ.’

पलीकडे शांतता. मग, ‘मे महिन्यात पारा किती जातो?’

‘पंचेचाळीसच्या आसपास.’

‘आणि वीज?’

मी गप्प. खोटं बोलायला हरकत नव्हती, पण तेवढ्यात वीज गेली आणि आई आतून ओरडली.

त्याने समजावून सांगितलं. या जातीच्या अंगावर दोन थर असतात, ते बर्फासाठी. काकांनी मध्येच शंका विचारली, ‘उनाळ्यात त्यातला एक काढून ठेवता येत नाई काय?’ नाही येत, तो म्हणाला. त्यातून या जातीला कातडीचा एक आजार होतो, अंगावरचं तेलच आटतं आणि केस झडतात. म्हणून आईबापांच्या कातडीची आणि खुब्याच्या हाडांची तपासणी करूनच तो वीण घेतो, कागद दाखवतो, आणि कुणाला कुत्रं झेपलं नाही तर कितीही वर्षांनी परत घेतो. ‘पण तुम्हाला मी देणार नाही,’ तो म्हणाला. ‘तुमच्या हवेत हे जनावर आयुष्यभर कूलरसमोर पडून राहील. आधी या, मोठी कुत्री पाहून जा, चहा घ्या. पिल्लू मात्र नाही.’

मुलगी रडली. मी खट्टू झालो. काका एवढे खूश मी त्यांना कापसाला भाव मिळाला तेव्हाही पाहिले नव्हते. ‘हा मानूस इमानदार हाय,’ ते म्हणाले. ‘चाळीस वर्सात एकाबी दुकानदारानं मले नाई सांगतलं का तुया बरड वावरात हे वाण येत नाई. पैसे दिसले का सारेच म्हनतात, येते.’

मला वाटतं, विश्वासू पैदासकार ओळखायची खूण काकांनी त्या एका वाक्यात सांगितली. ज्याचा माल कुठेही, कुणालाही, कोणत्याही हवेत चालतो, त्याच्याकडून काही घेऊ नये. मुलीने मात्र वेगळा निष्कर्ष काढला. अकिता यवतमाळला येऊ शकत नसेल तर आपण अकिताला जाऊ शकतो, असं म्हणून तिने जपानी शिकायला सुरुवात केली आहे. शिकवणीची फी कुत्र्याहून स्वस्त आहे, म्हणून मी विरोध केलेला नाही.

खरा परिणाम काकांवर झाला. मृग लागला तसे ते मला घेऊन कृषी सेवा केंद्रात गेले. दुकानदाराने नेहमीप्रमाणे चकचकीत पाकीट पुढे केलं आणि यंदा याच वाणाची हवा आहे असं सांगितलं. काकांनी पाकीट उलटसुलट केलं, चष्मा सारखा केला आणि शांतपणे विचारलं, ‘याचे मायबाप पाह्याले भेटतीन काय?’

दुकानदार हसला. हायब्रीड आहे, नर-मादी कंपनीकडे असतात, म्हणाला.

‘बरं. त्यायची तपासनी केली हाय काय? अन् पुढच्या साली झेपलं नाई तं वापस घेशीन काय?’

दुकानात गर्दी होती. रांगेतल्या लोकांनी माना पुढे काढल्या आणि ते आपापली पाकिटं उलटी करून पाहायला लागले. दुकानदाराने आमच्याकडे पाहिलं, मग रांगेकडे पाहिलं, आणि काउंटरवरचं बिलबुक हळूच पुढे ओढून म्हणाला, ‘काका, तुमची जमीन कशी आहे?’