पिंडाला कावळा शिवण्यासाठी लागणाऱ्या झाडाबाबत

प्रति,
मा. प्रमुख, उद्यान व वृक्ष विभाग,
आमची नगरपरिषद (नाव लिहीत नाही, आपलं आपल्याला कळेल)

विषय : स्मशानभूमी व सार्वजनिक बागांमधील यंदाच्या वृक्षलागवड आराखड्याबद्दल अभिनंदन, आणि एका भावी लाभार्थ्याच्या किरकोळ सूचना.

साहेब,



आपला आराखडा नगरपरिषदेच्या फलकावर वाचला. उभ्यानेच वाचला, कारण फलकासमोरचं बाकडं ज्या झाडाखाली होतं ते झाड गेल्या वर्षी गेलं आणि पाठोपाठ बाकडंही. आराखडा देखणा आहे. स्मशानभूमीच्या नकाशात हिरवे गोल असे काही रांगेत उभे आहेत, की एवढी शिस्त आमच्या गावातल्या जिवंत माणसांना रेशनच्या दुकानातही जमलेली नाही.

माझी ओळख करून देतो. मी या योजनेचा भावी लाभार्थी. वय ७१, हृदयात एक स्टेंट. सध्या महिन्यातून एक-दोनदा घाटावर येतो तो दुसऱ्यांसाठी. पुढे एकदा येईन तो स्वतःसाठी, आणि त्या खेपेला सावली आहे की नाही याची तक्रार करणार नाही. म्हणून आत्ताच करून ठेवतो.

दर जुलैच्या पहिल्या आठवड्यात आपण झाडं लावता, हे परंपरेला धरूनच आहे. कन्हैयालाल मुनशींनी १९५० साली वनमहोत्सव सुरू केला तोही जुलैतच. आपल्या राज्याने तर २०१६ मध्ये दोन कोटींपासून सुरुवात करून २०१९ मध्ये ३३ कोटींचा संकल्प सोडला. हा आकडा कुणी सुचवला ठाऊक नाही, पण देवांची आणि झाडांची संख्या एकच ठेवल्याने मोठी सोय झाली. दोन्ही दिसत नाहीत म्हणून कुणी अर्ज करत नाही.

गेल्या मार्चमधली गोष्ट. एका मित्राला पोचवायला आलो होतो. सरण रचून होईपर्यंत टेकायला काही नव्हतं, म्हणून कडेच्या एका वाळक्या रोपाला सहज हात लावला. ओढलं नाही साहेब, देवाशपथ, नुसतं धरलं. ते मुळासकट हातात आलं. मुळासकट म्हणजे काळ्या पिशवीसकट. पिशवी फाडलेलीच नव्हती. आत नर्सरीतली मूठभर लाल माती, आणि प्लॅस्टिकच्या आतल्या आत गोल गोल फिरून दमलेली मुळं. मुक्कामाला येऊन बॅगही न उघडता गेलेल्या पाहुण्यासारखं ते रोप होतं. भोवतालची लोखंडी जाळी मात्र धडधाकट, तिच्यावर देणगीदाराचं नाव पिवळ्या रंगात ठसठशीत. मी रोप जपून परत खड्ड्यात उभं केलं. आपल्या मोजणीत एक कमी भरायला नको.

आता मुख्य मुद्दा, कावळा.

त्याच मित्राचं दहावं. पिंड मांडले, सगळे मागे सरले आणि वाट बघू लागले. साडेनऊचं ऊन. पत्र्याच्या शेडमध्ये बसावं तर भट्टीत बसल्यासारखं, बाहेर उभं राहावं तर तव्यावर. कावळ्याचा पत्ता नाही. मग नेहमीचं सुरू झालं. कुणी म्हणालं, जीव धाकट्यात अडकलाय. धाकट्याने हात जोडून सांगितलं, दादाशी भांडणार नाही. कावळा नाही. थोरल्याने सांगितलं, शेताची वाटणी सरळ करीन. कावळा नाही. एक मामा म्हणाले, त्यांचा जीव त्या नव्या बोअरमध्ये होता. बोअरचंही वचन दिलं. वहिनींनी तर रडत रडत नातवाच्या मुंजीपर्यंतचं कबूल करून टाकलं. दीड तासात त्या घराने इतकी वचनं दिली की कोर्टात गेले असते तर दहा वर्षं लागली असती. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि पिंडाला शिवला.

मित्राचा जीव कशात अडकला होता ते मला ठाऊक आहे. कशातच नव्हता. तो कर्ज फेडून, बिल भरून गेलेला माणूस. अडचण कावळ्याची होती. त्याला बसायलाच जागा नव्हती. घाटावर मोठा पिंपळ होता तोवर पिंडाचं ताट पिशवीतून बाहेर निघायच्या आत कावळे खालच्या फांदीवर उतरून बसायचे. पिंपळाला दहा दिवसांची मडकी टांगलेली असायची. खाली पार होता, पारावर रडणारी, बिडी ओढणारी, वारसाहक्काची कुजबुज करणारी, सगळी माणसं मावायची. ते झाड शेड वाढवण्यासाठी गेलं.

त्याच्या वयाचा कागदही मी फलकावरच वाचला होता. १९७५ च्या झाडांच्या कायद्यात २०२१ साली दुरुस्ती झाली. पन्नास किंवा त्याहून जास्त वर्षांचं झाड वारसा वृक्ष ठरलं. आणि झाड तोडलंच तर त्याचं जेवढं वय, तेवढी नवी झाडं लावायची. आपल्या विभागाने पिंपळाचं वय काढलं ४९ वर्षं. माझ्या आजोबांचं मडकं ज्या फांदीला टांगलं होतं ती फांदी, या हिशेबाने, झाड जन्मायच्या आधीपासून तिथे होती. पिंपळ हे दैवी झाड असल्याने मी याला हरकत घेत नाही. फक्त ४९ चा हिशेब तरी पुरा व्हावा. भरपाईचं रोप चांगलं सहा-आठ फुटांचं हवं आणि सात वर्षं जगलेलं दाखवायला हवं, असंही त्या दुरुस्तीत आहे. आपली रोपं माझ्या गुडघ्याला लागतात, आणि माझा गुडघा सहा फुटांवर नाही.

यंदाच्या यादीत गुलमोहर आहे, बॉटल पाम आहे, शोभेसाठी आणखी काय काय आहे. गुलमोहर मादागास्करहून आला, मे महिन्यात काय फुलतो ते मी सांगायला नको. पण वळवाच्या पहिल्या वाऱ्याला त्याची फांदी कडकन मोडते. अंत्ययात्रेच्या वाटेवर तो लावणं म्हणजे एका फेरीत दोन कामं उरकणं. आणि पाम? त्याला बेचकंच नसतं, साहेब. बेचकं नाही तर कावळ्याने घरटं कुठे बांधायचं? कावळा नाही तर कोकिळेने अंडं कुठे घालायचं? दर उन्हाळ्यात कोकिळेचे व्हिडिओ आपणच नगरपरिषदेच्या ग्रुपवर टाकता, म्हणून विचारलं.

आपला घाट कृष्णेकाठी आहे, हे नकाशा काढणाऱ्याला कुणी सांगितलेलं दिसत नाही. नदी त्याने निळ्या रंगात दाखवली आहे, पण ती जणू फ्रेममधलं चित्र. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैत पाणी शेडच्या पत्र्याला लागलं होतं. पाण्यात आठवडाभर उभं राहून पुन्हा पालवणारी झाडं या नदीने स्वतः निवडून काठावर ठेवली आहेत : करंज, अर्जुन, जांभूळ, उंबर, वाळुंज. आपल्या यादीत यातलं एकही नाही. माणसं बसतात तिथे करंजच हवा, कारण एप्रिलमध्ये बाकीची झाडं खराट्यासारखी उभी असतात तेव्हा तो नव्या पानांनी गच्च असतो. त्याच्या फुलांचा खाली सडा पडतो आणि झाडणाऱ्या मावशी वैतागतात, हे मान्य. भिंतीपासून लांब, वरच्या टेकाडावर एक वड आणि एक पिंपळ. एकेकच. ही झाडं रांगेत उभी राहत नाहीत, त्यांना एकेकट्यालाच एकरभर मिजास लागते.

बागांबद्दल थोडक्यात लिहितो, कारण बागेत अजून बाग म्हणण्यासारखं फार उरलेलं नाही. जुन्या बागेत चिंच तोडून तिच्या जागी सिमेंटचं झाड उभारलंय. तपकिरी रंग, खोटी साल, पोटात कचराकुंडी. त्याचं वय कुणी विचारत नाही आणि ते पानंही गाळत नाही, त्यामुळे प्रशासनाला ते का आवडावं हे समजतं. खऱ्या झाडांच्या बुंध्यापर्यंत पेव्हिंग ब्लॉक ठोकलेत, आणि खोडांना खिळे मारून दिव्यांच्या माळा. रात्री बाग लग्नाच्या हॉलसारखी दिसते. ताम्हण हे आपल्या राज्याचं फूल. उन्हाळ्यात जांभळ्या तुऱ्यांनी डोळ्यांचं पारणं फिटतं. तीनही बागांत मिळून ते एकदाच दिसलं, प्रवेशद्वारावरच्या फलकावर, छापलेलं.

आराखड्यात 'स्मृतिवृक्ष' नावाची कल्पना आहे, ती मनापासून आवडली. अस्थिविसर्जनानंतर उरलेली राख नदीत न टाकता खड्ड्यात टाकायची आणि वर रोप लावायचं. बऱ्याच गावांनी हे सुरू केलंय. फक्त राख मुठीने घालायची, टोपलीने नाही. राख अल्कधर्मी असते, आपली काळी माती आधीच तशी. अख्खा माणूस एका खड्ड्यात ओतला तर रोपही त्याच्यामागोमाग जातं, आणि मग नातेवाइकांना दोन दहावे घालावे लागतात.

आता पैशांचा तक्ता. खड्डे, रोपं, जाळ्या, फलक, मंडप, खुर्च्या, हार, अल्पोपाहार, छायाचित्रण, प्रत्येकापुढे रक्कम आहे. 'पाणी' या रकान्यात एकच शब्द : 'नैसर्गिक'. साहेब, आमच्याकडे नैसर्गिक पाणी ऑक्टोबरात संपतं. नंतर जूनपर्यंत जे येतं त्याला टँकर म्हणतात. रोप जगतं की मरतं हे पहिल्या तीन उन्हाळ्यांत ठरतं, जुलैच्या फोटोत नाही.

आमच्या घाटाला लागूनच कब्रस्तान आहे. तिथे आराखडा नाही, जाळ्या नाहीत. कबरींवर सब्जा आहे आणि कुंपणाला पाच-सहा निंब, असे की चैत्रात त्यांची सावली भिंत ओलांडून आमच्याकडे येते आणि आमची अर्धी अंत्ययात्रा तिथेच उभी असते. गुरुवारी संध्याकाळी माणसं येतात, कबरीवरच्या सब्जाला पाणी घालतात आणि कळशीत उरलेलं निंबाच्या बुडाशी ओततात. एवढीच त्यांची योजना. मी एकाला विचारलं, निंब कुणी लावले? तो म्हणाला, "लावले कोणी ते नाही माहीत चाचा, पाणी आम्ही घालतो."

तेव्हा माझी मागणी लहान आहे. हिरवे गोल कमी करा. दहाच झाडं लावा, पिशवी फाडून लावा, आणि मंडपाची रक्कम 'नैसर्गिक' या शब्दावर चिकटवा. घाटावरच्या रखवालदाराला दर झाडामागे महिन्याला काही देता आलं तर द्या. तो तिथेच राहतो आणि त्याच्या दारातली पपई कधी वाळलेली मी पाहिली नाही.

कळावे, लोभ आहेच. प्रत्यक्ष भेट घाटावर होईलच, कोण कुणाला पोचवतंय एवढंच ठरायचं आहे.

आपला,
एक भावी लाभार्थी

ता. क. : शेडच्या मागच्या भिंतीत, पाण्याच्या टाकीखालच्या भेगेत, पिंपळाचं एक रोप उगवलं आहे. टाकी गळते, म्हणून जगलं. कुठल्या तरी पाखराने शिटलेलं असणार. ना निविदा, ना जाळी. गेल्या तीन वर्षांत घाटावर टिकलेलं हे एकमेव रोप, म्हणून आपल्या अहवालात ते धरलं तरी माझी हरकत नाही. पण भिंतीत ठेवलं तर भिंत फोडेल, म्हणून पहिला पाऊस झाला की मी आणि रखवालदार मिळून ते वरच्या टेकाडावर हलवणार आहोत. आपण कार्यक्रमाला येण्याची तसदी घेऊ नये. कुदळ एकच आहे.