तिगावातून शेअर बाजारावर वेगवान स्वारी: नवशिक्यांसाठी सहा पायऱ्या

साहित्य: एक संगणक, दोन तारा, एक इन्व्हर्टर आणि काहीही तुटलं तरी चेहरा कोरा ठेवण्याचा सराव.

पायरी १. हार आधीच मान्य करा. काचेच्या तारेत प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर धावतो, म्हणजे किलोमीटरला 5 मायक्रोसेकंद. पांढुर्ण्याजवळच्या तिगावापासून मुंबईपर्यंत तार 900 किलोमीटरची धरली, तर तुमची ऑर्डर साडेचार मिलिसेकंदांत पोचेल. प्रतिस्पर्ध्याचा सर्व्हर मात्र वांद्रे-कुर्ला संकुलात, एक्स्चेंजच्याच आवारात भाड्याने बसलेला आहे. वेगात तो जिंकणार. तार तुटण्यात मात्र राजेहो, तिगाव आणि मुंबई सारखेच!

पायरी २. तारा नव्हे, चर मोजा. मोठे बाजार भावांचा प्रत्येक संदेश क्रमांक घालून दोन वाटांनी पाठवतात. आधी आलेला ठेवायचा, मागून आलेला टाकायचा, क्रमांक गळला तर तो पुन्हा मागवायचा. तुम्हीही दोन कंपन्यांच्या तारा घ्या. पण दोन्ही पांढुर्ण्यापर्यंत एकाच रस्त्याकडेच्या चरातून येत असतील, तर बिलं दोन आणि तार एकच. जेसीबीवाला कंपनी विचारून खोदत नाही.

पायरी ३. थोरांचं अनुकरण करू नका. 24 फेब्रुवारी 2021 रोजी सकाळी 11.40 ला राष्ट्रीय शेअर बाजार, म्हणजे एनएसई, बंद पडला. दोन कंपन्यांच्या अनेक तारा होत्या, तरी दोन्हींकडे बिघाड झाला. कारण नंतर कळलं: त्याच्या दोन केंद्रांमधल्या रस्त्यालगतचं खोदकाम. त्या धक्क्याने माहिती साठवणारी यंत्रणा अनपेक्षित वागली आणि जोखीम मोजणारी प्रणाली बसली. चेन्नईत राखीव केंद्र होतं, पण बाजार तिकडे हलवला नाही. तो उघडला दुपारी 3.45 ला.

पायरी ४. आकाशाकडे बघा, पण जपून. एनएसईने 1994 मध्ये सुरुवातच उपग्रहाच्या छत्र्यांवर केली. मात्र उपग्रह 36 हजार किलोमीटरवर. वर जाऊन खाली यायलाच पाव सेकंद. शिवाय ऑक्टोबर 1997 मध्ये इन्सॅट-2डी निकामी झाला, तेव्हा एनएसईचे व्यवहार विस्कळीत झाले होते. शिकागो-न्यू जर्सी मार्गावर मनोऱ्यांवरून मायक्रोवेव्ह लहरी धावतात, कारण हवेत त्या तारेच्या दीडपट वेगाने जातात. मुसळधार पाऊस आला की तिथले व्यापारीही निमूट जमिनीखालच्या तारेवर उतरतात. मृग नक्षत्रात संत्र्याच्या बागेत मनोरा उभारणाऱ्यांनी नोंद घ्यावी.

पायरी ५. तुटल्यावर शूर होऊ नका. दोन्ही टोकांची यंत्रं ठरावीक वेळाने एकमेकांना हाक मारतात. ओ आली नाही, की दुवा मेला असं धरायचं आणि बाजारात उभ्या ऑर्डरी आपोआप रद्द होतील अशी सोय आधीच करून ठेवायची. भाव दिसत नसताना उभी ऑर्डर म्हणजे शेजाऱ्याला दिलेला कोरा चेक. सर्वांत वाईट तार पूर्ण मेलेली नव्हे. क्षणात येणारी, क्षणात जाणारी. ती परतली की लगेच मिठी मारू नका. काही काळ नीट चालू द्या, मगच काम सोपवा.

पायरी ६. निर्णय कोण घेणार, ते लिहून ठेवा. त्या 2021 च्या घोळानंतर बाजारांची नियामक असलेल्या सेबीने ठरवून दिलं: अर्ध्या तासात आपत्ती जाहीर करा, पुढच्या 45 मिनिटांत राखीव केंद्रातून काम सुरू करा. 2 मार्च 2024 ला, शनिवारी, बाजार मुद्दाम उघडून चालू दिवसात ही अदलाबदल करून पाहिली. तुमच्या पेढीत आपत्ती जाहीर करण्याचा अधिकार एकट्या तुमच्याकडे आहे आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही पांढुर्ण्याला गोटमार बघायला जाणार, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. उपाधिकारी नेमा.

अंतिम परीक्षा. बाजार चालू असताना पहिली तार स्वतःच्या हाताने उपटा. हात धजत नसेल, तर तुमच्याकडे दुसरी तार आहे, हे तुम्हालाच पटलेलं नाही.