दुहेरी नागरिक बाळाचे करविवरण : पालकांसाठी मार्गदर्शिका

अमेरिकी आई आणि ब्रिटिश वडील यांचे लंडनमध्ये जन्मलेले मूल बहुधा जन्मतःच दोन्ही देशांचे नागरिक असते. त्यासाठी आईचे त्याआधी किमान ५ वर्षे अमेरिकेत वास्तव्य झालेले असावे लागते, त्यांपैकी २ वर्षे वयाच्या चौदाव्या वर्षानंतरची. अमेरिका कर लावते तो नागरिकत्व पाहून, मुक्काम पाहून नव्हे. या पंगतीला तिच्या शेजारी इरिट्रिया बसतो. म्हणून बारसे उरकताच पुढील क्रम पाळावा.

१. क्रमांक. बाळासाठी सोशल सिक्युरिटी नंबर घ्यावा. तो पाठ नसला तरी चालते.

२. उत्पन्न. रांगणे करपात्र नाही. मात्र २०२४ च्या मर्यादांनुसार व्याज-लाभांश १,३०० डॉलरच्या किंवा पगार १४,६०० डॉलरच्या वर गेल्यास विवरणपत्र भरावे लागते. शेजाऱ्यांची कुत्री फिरवणाऱ्या होतकरू व्यावसायिकाला निव्वळ ४०० डॉलरची कमाईही पुरते. २०२४ च्याच मर्यादेनुसार व्याज-लाभांश २,६०० डॉलरच्या पुढे गेल्यास वरच्या रकमेवर सहसा पालकांच्या दराने कर बसतो.

३. आजोबांचा आशीर्वाद. तो ज्युनिअर आयसा या मुलांच्या बचत खात्यात आला, तर ब्रिटनमध्ये करमुक्त असतो. अमेरिकेला ती सवलत ठाऊक नाही. त्यात युनिट ट्रस्ट असल्यास प्रत्येक फंडामागे परदेशी फंडांसाठीचा फॉर्म ८६२१ भरण्याची पाळी येऊ शकते. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. पण अमेरिकेत जन्मून पुण्यात ओसीआय कार्डावर वाढणाऱ्या नातवाच्या नावे म्युच्युअल फंड घेणाऱ्या आजोबांनीही हे कलम वाचावे.

४. खाती. अमेरिकेबाहेरील सर्व खात्यांची बेरीज वर्षात एकदा जरी १०,००० डॉलरच्या वर गेली, तर एफबार, म्हणजे परदेशी खात्यांचा अहवाल, भरावा. उत्पन्न शून्य असले तरी सुटका नाही, वयाचीही अट नाही. हा अहवाल करखात्याकडे न जाता आर्थिक गुन्ह्यांवर नजर ठेवणाऱ्या फिनसेनकडे जातो. बाळाने घाबरू नये.

५. सही. विवरणपत्रावर आईने बाळाचे नाव लिहून पुढे आपली सही करावी आणि ‘अल्पवयीन मुलाची पालक’ असे नमूद करावे. शेजारच्या व्यवसायाच्या रकान्यात ‘झोप’ लिहिण्याचा मोह आवरावा. रंगीत खडू हाताशी ठेवू नयेत.

६. मुदत. विवरणपत्रासाठी १५ एप्रिल. परदेशस्थांना आपोआप १५ जूनपर्यंत सवड मिळते, पण देय करावरचे व्याज एप्रिलपासूनच धावते. एफबारसाठी आपोआप १५ ऑक्टोबर.

७. सुटका. पालकांना मुलाच्या वतीने नागरिकत्व सोडता येत नाही, आणि सोळा वर्षांखालील मुलाला तेवढी समज नसते असे वकिलात गृहीत धरते. कर भरण्यापुरती समज कायद्याने जन्मापासून मानलेली आहे. १९६४ साली न्यूयॉर्कमध्ये जन्मलेल्या आणि बालपणीच तेथून हललेल्या ब्रिटिश राजकारणी बोरिस जॉन्सन यांच्याकडे लंडनमधील घराच्या विक्रीवरही अमेरिकेने कर मागितला. २०१६ मध्ये त्यांनी ते नागरिकत्व सोडले. सोडणाऱ्याला आधीच्या ५ वर्षांचे करपालन प्रमाणित करावे लागते, अन्यथा निर्गमन कराचे नियम लागू होऊ शकतात. तेव्हा लसीकरणाच्या कार्डाशेजारी कराचीही फाइल ठेवावी.