जेबेल हफीत चढण्याची सोपी रीत

संयुक्त अरब अमिरातीत अल ऐन शहराला लागून, ओमानच्या हद्दीला टेकून, वाळवंटात एकटाच उभा असलेला चुनखडीचा डोंगर म्हणजे जेबेल हफीत. वर जायचा रस्ता ११.७ किलोमीटरचा, वळणं ६०. दुबईत नोकरीला आलेला मराठी माणूस पहिल्या हिवाळ्यात सायकल घेतो आणि दुसऱ्या हिवाळ्यात त्याला हा डोंगर दिसतो. ही मार्गदर्शिका त्यामधल्या उन्हाळ्यात वाचावी. पारा पंचेचाळिशी ओलांडतो, घराबाहेर पडायचा प्रश्न नसतो, त्यामुळे शूर निश्चय करायला तो काळ फार चांगला.

आधी एकदा गाडीने जाऊन या. इथं गाड्या उजव्या बाजूने चालतात आणि इंडिकेटरची दांडी डाव्या हाताला असते. तुमचा हात वर्षानुवर्षांच्या सवयीने उजवीकडे जाईल आणि लेन बदलताना कोरड्या ठणठणीत वाळवंटात वायपर सुरू होतील. मागच्याला काही कळणार नाही, पण तो अंतर राखून राहील, म्हणजे काम झालंच. हॉर्न मात्र विसरा. खंबाटकीत वळणावर हॉर्न देणं ही माणुसकी; इथं तीच शिवी समजतात. उतरताना गिअर खालचा ठेवा, सगळा भार ब्रेकवर टाकू नका. घाटातल्या ट्रकवाल्यांच्या हाताखालून गेलेल्यांना हे सांगायला नको.

आता सायकल. तारीख नोव्हेंबर ते मार्चमधली, वेळ उजाडायच्या आधीची. पायथ्याला सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीची दगडी थडगी आहेत, जागतिक वारसा म्हणून नोंदलेली. ती जरूर पाहावीत, पण परतताना. निघताना घरच्यांसमोर थडग्यांचा विषय काढू नये.

गिअरची निवड सोपी आहे: सर्वांत हलका. सायकलवाले त्याला ग्रॅनी गिअर म्हणतात, म्हणजे आजीबाईचा गिअर, आणि पहिल्या किलोमीटरपर्यंत आपण त्याला हसतो. समजा, पुढच्या चकतीला ३४ दाते आणि मागच्या मोठ्या चकतीलाही ३४. म्हणजे पेडलचा एक फेरा झाला की चाकाचाही एकच, आणि सायकल पुढे सरकली जेमतेम २.१ मीटर. मिनिटाला साठ फेरे मारलेत तर वेग पडतो ताशी साडेसात किलोमीटर. खऱ्या चढाच्या पावणेअकरा किलोमीटरला दीड तासाला थोडाच कमी. याच रस्त्यावर यूएई टूर या शर्यतीचा टप्पा संपतो. २०२१ आणि २०२२ साली तो तादेय पोगाचारने जिंकला. त्याचा व्हिडिओ पाहून यायची चूक बहुतेक जण करतात. तो पेडल मारताना तोंड मिटून असतो, एवढ्यावरूनच सावध व्हायला हवं होतं.

थांबण्याची कारणं आधीपासून तयार ठेवावीत, कारण ऐनवेळी बोलायला श्वास नसतो. फोटो हे कारण दोनदा चालतं. तिसऱ्यांदा दगड पाहावेत. हा सगळा डोंगर कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या समुद्राचा तळ आहे, खडकात शंखशिंपल्यांचे आणि प्रवाळाचे जीवाश्म सापडतात. गुडघ्यांवर हात टेकून, खाली वाकून, पाच मिनिटं कातळाकडे टक लावून बसलेला माणूस लांबून भूगर्भशास्त्रज्ञच वाटतो. मी एका चढाईत हे शास्त्र सहा वेळा केलं आहे.

वळणं मोजू नका. मोजायला सुरुवात केली की सतराव्यानंतर पुन्हा सतरावंच येतं. शिवाय कोणत्या वाकड्याला वळण म्हणायचं, याबद्दल दमलेला माणूस फारच उदार होतो.

मागून येणाऱ्या गाडीचा विषय नाजूक आहे. बायको गाडी चालवते, आणि हिवाळा असल्याने साताऱ्याहून सासूबाई आलेल्या असतातच. पाणी, खजूर, तिखटमिठाच्या पुऱ्या त्यांच्या मांडीवर. शिखराच्या साधारण तीन किलोमीटर अलीकडे चढ अकरा टक्क्यांवर जातो, म्हणजे शंभर मीटरमागे अकरा मीटर वर. नेमकी तिथंच काच खाली होते आणि सासूबाई म्हणतात, "बसा हो जावईबापू गाडीत. आम्ही नाही कुणाला सांगणार."

बसू नका. नीतीचा प्रश्न नाही. सायकल अख्खी डिकीत मावत नाही. पुढचं चाक काढावं लागतं, आणि ते काढायला लागलात की ऑफिसातले दोघे नेमके शेजारून चढत जातात, वर "ऑल ओके?" असं विचारूनही जातात.

वर पोहोचल्यावर काय दिसतं, हे नवशिके आधी विचारतात आणि नंतर विसरतात. भलंमोठं पार्किंग दिसतं. तिथला कठडा धरून उभं राहिलं की एका अंगाला अल ऐनची हिरवाई, खजुरांच्या बागा आणि दुसऱ्या अंगाला नजर फाटेस्तोवर रेती. हे हवा स्वच्छ असेल तर. धुळीच्या दिवसात दोन्ही बाजूंना एकच फिकट पिवळं दूध सांडलेलं असतं, आणि त्यातलं ओमान कोणतं यावरून गाडीतली मंडळी वाद घालतात. तुम्ही करक चहा घ्या. दाट, गोड, वेलदोड्याचा. त्या चहासाठी हा डोंगर पुन्हा चढेन असं मी म्हणणार नाही, पण त्या क्षणी म्हटलं होतं. खालच्यापेक्षा हवा चार-पाच अंशांनी गार असते, घाम अंगावर थंड होतो, तेव्हा जाकीट चढवल्याशिवाय उतारावर निघू नका. ब्रेक सलग आवळून धरायचे नाहीत. रिम तापून ट्यूब फुटू शकते. वळणाआधी दाबा, वळणात सोडा.

दीड तासांत मिळवलेली उंची वीसेक मिनिटांत संपते. पायथ्याशी गाडी उभी असेल. सासूबाई फोनवर असतील. त्यांनी शब्द पाळलेला असतो, कुणाला म्हणजे कुणाला सांगितलेलं नसतं. फक्त साताऱ्याच्या धाकट्या बहिणीला, आणि तेही एवढंच की, पोरगा सहा वेळा थांबला, पण दगडांचा अभ्यास फार आहे त्याचा.