चोवीस भोकं

साधेपणाची मला पहिल्यापासून आवड आहे. फक्त तो समोरच्याला लांबून दिसला पाहिजे.

घरी बनवलेल्या सिंथेसायझरला मी आधी चोवीस नॉब योजले होते. तीन ऑसिलेटर, एक फिल्टर, दोन एन्व्हलप, आणि काही नॉब असे की त्यांचं काम नंतर सुचेल. 2 मिलिमीटर जाडीच्या ॲल्युमिनियमच्या पत्र्याला 7 मिलिमीटरची चोवीस भोकं पाडून आणली. ती इतकी सरळ ओळीत आली होती की पत्रा आठवडाभर बैठकीच्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवला. शेजारच्या काकू म्हणाल्या, “बुंदीचा झारा जरा मोठाच घेतलात.”

“अहो, पण तुम्हाला वाजवता काय येतं?” हिने विचारलं. हा प्रश्न तांत्रिक नसल्यामुळे मी उत्तर दिलं नाही. सरगम मला चढता येते. उतरायला लागलो की पाहुण्यांना शेवटची बस आठवते.

मग मी पॅनेल सोपं करायला घेतलं, म्हणजे वाचत बसलो. रॉबर्ट मूगच्या 1964च्या सिंथेसायझरमध्ये एका खणातून दुसऱ्या खणात वायरी खोचाव्या लागत. 1970च्या मिनीमूगमध्ये त्या जोडण्या आतच कायमच्या झाल्या आणि वादकाचे हात वाजवायला मोकळे झाले. पुढे 1983मध्ये यामाहाच्या डीएक्स-सेव्हनने नॉबच काढून टाकले. सपाट बटणं, दोन सरकपट्ट्या, एक चिमुकला पडदा. आवाज घडवणं इतकं किचकट झालं की बहुतेकांनी आत भरून आलेल्या आवाजांवरच भागवलं. आमच्या वॉशिंग मशीनचंही तेच. कार्यक्रम चौदा, पण कपडे सगळे ‘कॉटन’मध्येच धुतले जातात.

खरा अपमान केला तो चरणजित सिंग यांनी. 1982 साली या मुंबईकर वादकाने सिंथेसायझरवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात वाजवून रेकॉर्ड काढली. त्यात त्यांनी वापरलेल्या रोलँडच्या टीबी-303 या पेटीवजा यंत्राचा आवाज वळवायला वरच्या ओळीत सहा चिमुकले नॉब असतात. सहा! मी त्याच रात्री पाचांवर आलो. उंची, कटऑफ, रेझोनन्स, आवाज. आणि अटॅक, डिके, सस्टेन, रिलीज हे चौघे एकाच नॉबखाली नांदायला लावले. एका टोकाला सतारीसारखा छेडलेला सूर, दुसऱ्या टोकाला पेटीसारखा धरून ठेवलेला.

उरली एकोणीस भोकं. आणि पेटी म्हटलं की आमच्या अण्णांची पेटी.

अण्णा दर गुरुवारी भजनाला साथ करायचे. त्यांच्या पेटीला पुढे नऊ खुंट्या होत्या. मी सात वर्षांचा, त्यांच्या डाव्या बाजूला, भात्याचा वारा लागेल इतका जवळ. गजर रंगात आला की ते माझ्याकडे न बघता म्हणत, “तिसरी ओढ.” मी ओढायचो. आवाज भरून यायचा, टाळ वाढायचे, म्हातारे डोळे मिटायचे. हे सगळं मी केलं, याबद्दल मला शंका नव्हती. शाळेत एकाला मी सांगितलंही होतं, की पेटी आम्ही दोघं वाजवतो.

अण्णा गेल्यावर काही वर्षांनी पेटी दुरुस्तीला टाकली. कारागिराने फळी उचलून दाखवलं. काही खुंट्या सुरांच्या कप्प्यात हवा सोडत होत्या, काही खर्जाचे सूर उघडत होत्या. तिसरीच्या मागे काहीच नव्हतं. ती नुसती शोभेची, नऊ भराव्यात म्हणून बसवलेली.

“काढून टाकू का?” त्याने विचारलं.

मी त्याच्या अंगावर इतका ओरडलो की दुकानातला दुसरा माणूस बाहेर आला. त्या बिचाऱ्या कारागिराचा काय दोष? चिडलो होतो ते अण्णांवर. चाळीस वर्षांचा माझा वाद्यवादनाचा अनुभव त्यांनी एका लाकडी खुंटीवर टांगून ठेवला होता. आणि त्यांना ते ठाऊक होतं का, हे विचारायला आता कुणी नव्हतं. ठाऊक असणारच. पेटी त्यांचीच होती. एवढ्या खुंट्यांतून माझ्यासाठी त्यांनी बरोबर तीच निवडली होती, जिच्यामुळे भजन बिघडू शकत नव्हतं.

तर, नवा पत्रा काही महाग नव्हता. पण एकोणीस भोकांवर मी एकोणीस नॉब बसवले. आत वायर नाही, पॉट नाही, काही नाही. छान फिरतात. पाहुणे आता पॅनेलसमोर थबकतात आणि “बापरे” म्हणतात. हे साधेपणाचं यश मी नम्रपणे स्वीकारतो.

गेल्या रविवारी एक सूर धरून कटऑफ हळूहळू खाली आणत बसलो होतो. अर्धा तास. आवाज कसा मऊ होत गेला, ते मी स्वतःच्या कानांनी ऐकलं. हिलाही बोलावून ऐकवलं. मग दिवा लावून बघितलं, तर हातात दुसऱ्या ओळीतला तिसरा नॉब होता.