पाचवी चिमणी

ख्रिस्ती माणूस समाधानी असतो अशी एक समजूत आहे. ती पसरवणाऱ्यांनी उपासना लांबलेल्या रविवारी आमच्या मंडळीचे चेहरे पाहिलेले नसावेत. पाळकसाहेब व्यासपीठावरून सांगत असतात, की रानातल्या फुलांना देव शलमोन राजापेक्षाही झोकदार पोशाख घालतो, मग तुम्हाला कसली चिंता? खाली बाकांवर बायका एकमेकींकडे बघतात. चिंता उद्याची नसतेच. मटणाखालचा गॅस बारीक केला होता की मोठाच राहिला, एवढीच असते. पाच हजारांच्या जेवणाच्या गोष्टीत दिवस कलल्यावर शिष्यांनी येशूजवळ जाऊन लोकांच्या पोटाची आठवण तरी करून दिली होती. आमच्या मंडळीत असा शिष्य अजून निपजलेला नाही.

अमेरिकन मराठी मिशन नगरला आले १८३१ साली. म्हणजे जवळजवळ दोनशे वर्षे आम्हाला देवाच्या पुरवठ्यावर समाधान मानायला शिकवले जात आहे आणि आम्ही ते कुरकुरत शिकतो आहोत. बिनकुरकुरीचे लोकही आहेत मंडळीत. पाऊस नाही आला तरी 'प्रभूची इच्छा', आला आणि भिंत पडली तरी 'प्रभूची इच्छा'. मला त्यांचा आदर वाटतो, पण शेजार नको वाटतो. माझे सगळे गणगोत दुसऱ्या गटातले. आणि पवित्र शास्त्र जितके वाचावे तितकी माझी खात्री पटत जाते, की देवाचाही बहुतेक वेळ याच गटाला जेवू घालण्यात गेलेला आहे.

शब्बाथ शाळेत आम्हाला मान्न्याची गोष्ट असे. इस्राएल लोक मिसरातून सुटून रानात आले. खायला काही नाही. तेव्हा देवाने रोज पहाटे दवाबरोबर अन्न धाडले. माणशी एक ओमर, म्हणजे अदमासे दोन लिटरचे माप. पेरणी नाही, खुरपणी नाही, खताची उधारी नाही. तरी हे लोक मिसरातले मासे, काकड्या, खरबुजे, कांदे आणि लसूण आठवून रडले. "पाहा, किती कृतघ्न!" बाई म्हणत आणि वर्गाकडून होकाराची वाट बघत. वर्ग गप्प. कांदा-लसणावाचून दिवस काढायचे, या कल्पनेनेच नगर जिल्ह्यातल्या पोरांच्या अंगावर काटा आलेला असे. आमच्याकडे भाव पडला की शेतकरी कांदा रस्त्यावर ओततो आणि भाव चढला की दिल्लीला घाम फुटतो. त्या कांद्यासाठी कुणी रडले तर त्यात नवल काय? एकाने तर हात वर करून विचारले, "बाई, मान्न्यासंगं ठेचा नव्हता का?" त्याला बाकावर उभे केले. पण उत्तर काही मिळाले नाही.

बाई एक गोष्ट सांगायच्या राहून गेल्या. लोक कुरकुरले, त्यांचा पुढारी मोशे वैतागला, देव रागावला, शिक्षाही झाली. पण मान्ना बंद झाला नाही. चाळीस वर्षे कुरकूर चालू आणि चाळीस वर्षे पुरवठाही चालू. तो थांबला थेट कनान देशातले धान्य त्यांच्या तोंडी पडले तेव्हा. शिधापत्रिका रद्द करायला एवढे सबळ कारण असताना ती रद्द न करणारे हे खाते कुठले असेल, याचा विचार करू लागलो, तेव्हा माझी धर्माशी खरी ओळख झाली असे म्हणायला हरकत नाही.

मान्न्याचा आणखी एक नियम होता. उद्यासाठी उरवायचा नाही. उरवला की किडे पडत आणि घाण सुटे. फक्त शब्बाथाच्या आदल्या दिवशी दुप्पट गोळा करायला परवानगी, आणि तो मात्र टिके. हा नियम आमच्या आईला मंजूर नव्हता. उन्हाळा आला की ती वर्षाची ज्वारी भरे. ऊन दाखवून, चाळून, कडुलिंबाचा पाला घालून पोती भिंतीला लागत. रात्रीच्या कुटुंब उपासनेत आम्ही त्याच पोत्यांना पाठ टेकून देवाजवळ आजच्या दिवसाची भाकरी मागत असू. मी एकदा म्हणालो, "आई, मागतेस रोजची आणि भरतेस वर्षाची. देवाला काय वाटत असेल?"

"त्याला काय वाटायचंय? बहात्तरचा दुष्काळ त्यानंच दाखवलाय मला."

१९७२ साली ती खडी फोडायला जात होती. कामावर मिळणारी सुकडी आणि रेशनवरची परदेशी लाल मिलो, या दोन्हींची चव तिच्या जिभेवरून कधी गेली नाही. मिलोच्या भाकरीला ती अजून नावे ठेवी. त्याच भाकरीने जगवले हे सांगून झाल्यावर लगेच नावे ठेवी. मी काही बोलणार तोच ती म्हणाली, "पोतं भरलेलं हाय रं. पण सकाळी भाकरी थापायला हे हात उठतील का, ते पोत्यावर लिहिलंय का? रोजचं मागते ते त्यासाठी." एवढे बोलून तिने ज्वारीत सोंडे झाल्याबद्दल कडुलिंबाला, पावसाला आणि मला बोल लावला.

नगरच्या ख्रिस्ती घरांत अशी जोडी नवी नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा १८९५ साली बाप्तिस्मा झाला आणि नंतरचा त्यांचा बराचसा संसार नगरला झाला. टिळक देवावर हवाला ठेवणारे. हातात आलेला पैसा हा पुढच्या गरजूकडे जाण्यासाठीच आपल्याकडे थांबला आहे, अशी त्यांची धारणा. १९१७ साली तर त्यांनी मिशनचा पगारही सोडला. आता 'स्मृतिचित्रे' हे आत्मचरित्र उघडा आणि हाच विश्वास त्यांच्या पत्नीच्या, लक्ष्मीबाईंच्या, बाजूने वाचा. चूल त्यांची, डबे त्यांचे, अवचित आलेली माणसे त्यांच्या पंगतीला. त्या चिडतात, भांडतात, हसतात आणि वाढतात. रानातली फुले कष्ट करत नाहीत, सूत कातत नाहीत हे खरेच. पण फुलासारखा नवरा मिळाला की घरात कुणाला तरी कातावे लागते. टिळकांनी देवावर भार टाकला आणि देवाने तो बराचसा लक्ष्मीबाईंवर टाकला, असे माझे नम्र मत आहे. यात देवाचा गौरव कमी होतो असे मला वाटत नाही. त्याची माणसांची निवड उत्तम होती, एवढेच सिद्ध होते.

आमच्या मामांचा आदर्श मात्र थेट ब्रिस्टलचा. तिथल्या जॉर्ज म्युलरने १८३६ साली अनाथ मुलांसाठी घर उघडले, १८९८ मध्ये मरेपर्यंत हजारो मुले वाढवली आणि कुणाही माणसाकडे मदत मागायची नाही, फक्त देवाला सांगायचे, हा नेम पाळला. मामांनी हा नेम जसाच्या तसा उचलला. फक्त देवाला सांगायचे ते घरोघरच्या प्रार्थना सभेत, आणि खणखणीत आवाजात. "हे दयाळू प्रभो, तुला ठाऊकच आहे, पडवीचं काम अडलंय. दहा फुटी पत्रे लागतात, प्रभो. मार्केट यार्डामागं रोखीनं स्वस्त पडतात. दुकान मंगळवारी बंद असतं हेही तू जाणतोस." सर्वज्ञ देवाला इतका तपशील लागत नसावा. पण डोळे मिटून 'आमेन' म्हणणाऱ्यांपैकी दोघे-तिघे खिसे चाचपत. सोमवारी पत्रे येत. मामा छाती पुढे काढून म्हणत, "कुणाला शब्दानं बोललो का मी?" आणि मग हळूच, "एक पत्रा पोचा आलाय."

म्युलरचे चरित्र पंडिता रमाबाईंनीही वाचले होते. त्यांनी त्याचा उपयोग जरा निराळा केला. १८९६ च्या दुष्काळानंतर मध्य प्रांतातून शेकडो मुली त्यांनी आणल्या. १९०० च्या सुमारास केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दोन हजारांच्या आसपास पोटे होती. बाईंनी गुडघे टेकले आणि विहिरीही खणल्या. शेती केली, माग चालवले, छापखाना घातला. आमच्या मंडळीत प्रार्थना करणारे आणि विहीर खणणारे यांच्यात वार्षिक सभेच्या वेळी मोठे वाद होतात, आणि दोन्ही बाजू रमाबाईंचा दाखला देतात. दोन्ही बरोबर असतात, त्यामुळे सभा संपत नाही.

पुरवठा येतो कुणाच्या हातून, यालाही काही धरबंध नाही. एलीया संदेष्टा करीथ ओहोळाशी लपला होता, तेव्हा देवाने त्याला सकाळ-संध्याकाळ भाकरी आणि मांस पोचवले ते कावळ्यांकडून. गच्चीत पापड वाळत घालून काठी घेऊन बसलेल्या कुठल्याही मराठी आजीला विचारा. कावळ्याने भाकरी आणून देणे दूरच, त्याने ती नुसती पळवली नाही तरी आमच्याकडे साक्ष सभा भरेल. पप्पा शिकवत त्या शाळेतला पगार एकदा काही महिने अडकला होता. मंडळीचे खजिनदार म्हणजे दानाच्या थैलीतली फाटकी नोट कुणी टाकली हे हस्ताक्षराविना ओळखणारा माणूस. दिव्याला तेलही उधार न देणारा. तेच एका संध्याकाळी सायकलला बाजरीचे पोते बांधून दारात आले. पोते उतरवता उतरवता पप्पांना म्हणाले, "मास्तर, पोरांना इतके जोडे कशाला लागतात? आमच्या वेळी पाय होते." मग आईने केलेल्या चहात साखर जास्त आहे असे सांगून तो पूर्ण पिऊन गेले. आई संतापली होती. पप्पा शांतपणे म्हणाले, "कावळा आहे. कावकाव करणारच. पोतं बघ." बाजरी चांगली निघाली. पोत्याचे पैसे त्यांनी कधी घेतले नाहीत आणि जोड्यांचा विषय कधी सोडला नाही.

कापणीच्या सणाला तर अख्खी मंडळीच कावळे होते. वेदीपुढे भोपळे, मक्याची कणसे, अंडी, पाय बांधलेल्या कोंबड्या. उपासना संपली की आवारात लिलाव. एक वार, दोन वार, तीन वार! एरवी भाजीवालीशी रुपयासाठी तासभर भांडणाऱ्या बायका स्वतःच दिलेली वांगी चौपट भावाने सोडवून आणतात. भोपळ्यावर दोन साडू हटकून ईर्ष्येला पेटतात, बाजारभाव मागे कुठेतरी राहतो, आणि जिंकलेल्याला आठवते की घरी भोपळा कुणी खात नाही. मग तो भोपळा गल्लीच्या टोकाच्या एकट्या आजीकडे जातो. पैसे चर्चच्या छपराला, भोपळा आजीला, वाद दोन्ही साडवांना, असे सगळ्यांचे भागते. दुसऱ्या रविवारी आजी सांगते, "भोपळा दिला देवानं, पण शिरा फार होत्या त्यात." तिच्या आवाजात तक्रार असते की तृप्ती, हे मला अजून वेगळे करता आलेले नाही.

समाधानाचा सगळ्यात मोठा दाखला म्हणून पाळकसाहेब पौलाचे नाव घेतात. फिलिप्पैच्या मंडळीला त्याने कैदेतून लिहिले, की विपुलता असो की टंचाई, कोणत्याही स्थितीत राहायला मी शिकलो आहे. पण ते पत्र तिथवर नीट वाचावे. फिलिप्पैकरांनी एपफ्रदीताच्या हाती मदत पाठवली होती, तिची ही पोच आहे. म्हणजे समाधानाची ही थोर शिकवण मनिऑर्डरच्या पावतीवर लिहिलेली आहे! शिवाय तो शिकलो म्हणतो. पौलालाही शिकावे लागले, तर आम्ही अजून कच्च्या वर्गात आहोत याचे कुणी एवढे वाईट वाटून घेऊ नये. कुरकूर न करता सर्व करा, असेही त्याच पत्रात आहे. ती ओळ आमच्या घरात जरा भरभर वाचतात.

आणि रुसलेल्याशी देव कसा वागतो, तेही एलीयाकडेच पाहावे. राणीच्या धाकाने तो रानात पळाला, झुडपाखाली बसला आणि आता पुरे, मला मरण दे म्हणाला. यावर उपदेश नाही, साक्ष नाही, समाधानावर तीन मुद्द्यांचे प्रवचन नाही. त्याला झोपू दिले. उठवून निखाऱ्यावर भाजलेली भाकरी आणि पाणी दिले. खाऊन तो पुन्हा झोपला, तर पुन्हा उठवून पुन्हा वाढले. विचारपूस झाली ती फार पुढे, डोंगरावर पोचल्यावर. समाधान ही जेवणाआधी भरायची फी नाही. ते झालेच तर जेवल्यावर होते, आणि पुष्कळदा हात धुताना.

म्हणून मला चिमण्यांचा हिशेब आवडतो. मत्तयाच्या शुभवर्तमानात बाजारभाव आहे एका नाण्याला दोन चिमण्या. लूकमध्ये दोन नाण्यांना पाच. म्हणजे चार विकत आणि पाचवी, भाजीवर कोथिंबिरीची काडी टाकावी तशी, वर टाकलेली. तिला भाव नाही, तिच्याविना सौदा अडत नाही. आणि येशू सांगतो, की त्यांतल्या एकीचाही देवाला विसर पडत नाही. व्यापाऱ्याने चार धरल्या, देवाने पाच मोजल्या. आम्हा कुरकुऱ्यांचे देवाच्या कृपेत जे काही स्थान आहे, ते या पाचवीच्या शेजारी असावे. आणि त्या पाचवीला मी ओळखतो. देवाने आपल्याला मोजले हे कळल्यावर तिने पहिली विचारणा केली असणार, "पण शेवटी का?"