बघू, कळवतो

अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे ज्याच्या मनावर लहानपणापासून ठसलंय त्याने कॅलिफोर्नियातल्या सँड हिल रोडवर शक्यतो जाऊ नये. तिथे व्हेंचर कॅपिटलवाल्यांची, म्हणजे व्हीसींची, ऑफिसं आहेत आणि त्यांना पाय अंथरुणाबाहेर गेलेलाच माणूस हवा असतो. मुद्दल दोन वर्षांत वसूल, महिन्याला चार पैसे नफा, असा आपल्या दृष्टीने सोन्यासारखा धंदा घेऊन गेलात तर ते कौतुक करतात, पाणी विचारतात आणि दारापर्यंत सोडायला येतात.

त्यांचा हिशेबच निराळा. दहा कंपन्यांत पैसे घातले तर निम्म्याहून अधिक ठिकाणी मुद्दलही परत येणार नाही, हे त्यांनी आधीच धरलेलं असतं. एखाद्या कंपनीने शंभरपट देऊन सगळ्यांचं भागवायचं. १९५७ साली बॉस्टनच्या एआरडी या संस्थेने डिजिटल इक्विपमेंट या नवख्या कंपनीत सत्तर हजार डॉलर घातले आणि दहाएक वर्षांत त्याचे कोट्यवधी झाले. चटक लागली ती तेव्हापासून.

पण ती एक कंपनी ओळखायची कशी? हार्वर्डच्या पॉल गॉम्पर्स आणि सहकाऱ्यांनी जवळजवळ नऊशे व्हीसींना हाच प्रश्न विचारला. धंद्यापेक्षा, बाजारपेठेपेक्षा माणसं महत्त्वाची, असं उत्तर सर्वाधिक लोकांनी दिलं. एवढी स्प्रेडशीटं भरून शेवटी चेहराच बघायचा! जपानी गुंतवणूकदार मासायोशी सोन यांनी २००० साली जॅक मा यांच्या डोळ्यांतली चमक पाहून अलीबाबात दोन कोटी डॉलर घातले. धंद्याचा लेखी आराखडासुद्धा नव्हता. पुढे त्याच पारखी नजरेने ऑफिसं भाड्याने देणाऱ्या वीवर्कच्या ॲडम न्यूमनला हेरलं. ऑफिसात बारा मिनिटं फेरफटका झाला म्हणे, आणि चारशे चाळीस कोटी डॉलर मंजूर. २०२३ मध्ये वीवर्कने दिवाळखोरीचा अर्ज केला. नजर तीच होती.

गूगलचं तर काय सांगावं. १९९८ मध्ये अँडी बेख्टोल्शाइम यांनी थोडंसं प्रात्यक्षिक पाहून ‘गूगल इनकॉर्पोरेटेड’च्या नावे एक लाख डॉलरचा चेक फाडला. त्या नावाची कंपनी तेव्हा अस्तित्वातच नव्हती, त्यामुळे चेक काही दिवस टेबलाच्या खणात पडून राहिला. आपल्याकडे स्पेलिंग चुकलं तरी चेक परत येतो. वर्षभराने गूगल विकत घ्यायची संधी एक्साइट कंपनीकडे चालून आली. पुण्यात जन्मलेल्या गुंतवणूकदार विनोद खोसलांनी सौदा साडेसात लाख डॉलरपर्यंत खाली आणून दिला (घासाघीस जन्मगावाहूनच आली असणार), तरी एक्साइटने नको म्हटलं.

एका होकारामागे साधारण शंभर प्रस्ताव येतात. म्हणजे व्हीसीचं खरं काम नाही म्हणण्याचं. पण सरळ नाही म्हणायची सोय नसते. आज हाकललेला पोरगा उद्या गूगल निघाला तर? मग स्थळ नाकारताना आपण पत्रिका जुळत नाही म्हणतो, तशी भाषा सुरू होते. जरा वाढ दिसू दे, दुसरा कुणी मोठा गुंतवणूकदार पुढे आला तर आम्ही आहोतच, संपर्कात राहा.

बेसेमर व्हेंचर पार्टनर्स या जुन्या फर्मने मात्र आपल्या नकारांची यादीच जाहीर करून टाकली आहे. फेडेक्सला त्यांनी सात वेळा नाकारलं. गूगलचे दोघे संस्थापक ज्या गॅरेजमध्ये भाड्याने बसत, ते बेसेमरच्या एका भागीदाराच्या मैत्रिणीचं; ‘त्या मुलांना एकदा भेट’ असं तिने त्याला सुचवलं, तर गॅरेज टाळून घराबाहेर पडायची दुसरी वाट आहे का, अशी त्याने चौकशी केली. एवढा दिलखुलासपणा मला फार आवडतो. अर्थात इतर बाबतीत भरपूर कमावलेलं असलं की तो परवडतो.

एअरबीएनबीच्या ब्रायन चेस्कीने २००८ साली दहा टक्के हिश्श्याच्या बदल्यात दीड लाख डॉलर मागितले. सात गुंतवणूकदारांशी ओळख करून दिली गेली होती. पाच जणांनी नकार कळवला. मी या पाचांच्या बाजूने आहे. अनोळखी माणसाला पैसे घेऊन घरात झोपवायचं, ही कल्पना धंद्याची वाटते का? आपल्याकडे सख्खा आतेभाऊ चौथ्या दिवशी राहिला तर घरात भांडी जरा मोठ्याने वाजू लागतात. पुढे या मुलांनी निवडणुकीतले उमेदवार ओबामा आणि मकेन यांच्या नावाची, नाश्त्याच्या सीरियलची खोकी चाळीस-चाळीस डॉलरला विकून दिवस काढले. नव्या कंपन्यांना हात देणाऱ्या वाय काँबिनेटरच्या पॉल ग्रॅहमला घरभाड्याची कल्पना रुचली नव्हती, पण खोकी फार आवडली. त्या खोक्यांच्या जोरावरच त्याने पोरांना आपल्याकडे घेतलं. आधी नकार दिलेल्या फ्रेड विल्सन या व्हीसीने तसलंच एक खोकं पुढे आपल्या बैठकीच्या खोलीत ठेवलं.

नकाराची ती पाच पत्रं चेस्कीने नावं झाकून २०१५ मध्ये छापली. उरलेल्या दोघांनी उत्तरच दिलं नव्हतं. ते बहुधा अजून विचार करत असतील.